जिम कॉर्बेट आणि त्यांची हलकी रायफल

नरभक्षक वाघांचे शिकारी जिम कॉर्बेट तुम्हाला माहीत आहेतच. पण त्यांच्या हातात बंदूक कोणती असायची, आणि तीच का, असा प्रश्न तुम्हाला कधी पडलाय का?

कॉर्बेट यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनिताल येथे झाला. वडील तिथले पोस्टमास्तर. ते लवकर वारले. गलोल, धनुष्यबाण असं करत करत पोराच्या हाती ठासणीची जुनी दुनळी बंदूक आली. तिची एक नळी फुटलेली, पितळी तारेने बांधलेली! पुढे कॅडेट असताना एका सार्जंटने त्याला .४५० मार्टिनी रायफल वापरायला दिली. अट एवढीच, की रायफल स्वच्छ ठेवायची आणि रिकामी काडतुसं परत आणायची.

हा .४५० आकडा म्हणजे कॅलिबर, नळीच्या आतल्या पोकळीचा व्यास, इंचात. २५.४ ने गुणा, मिलिमीटर मिळतील : जवळजवळ साडेअकरा. व्यास मोठा तर गोळी साधारणपणे जड आणि तिचा आघातही जबर. मग वाघासाठी सगळ्यात मोठंच कॅलिबर घ्यावं, नाही का? थांबा जरा. गोळी जड झाली की बंदूक जड होते, काडतुसं जड होतात आणि खांद्याला धक्काही जोरात बसतो. त्या मार्टिनीचा धक्का तर फारच वाईट होता. शिवाय तिच्यात एका वेळी एकच गोळी. त्यामुळे घाई न करता नेम धरायची सवय त्या पोराला लागली.

मोठेपणी कॉर्बेट यांनी बिहारमध्ये मोकामा घाटावर रेल्वेचा माल चढवण्या-उतरवण्याचं काम अनेक वर्षं पाहिलं. १९०७ मध्ये ते चंपावतच्या वाघिणीच्या मागावर निघाले. नेपाळ आणि कुमाऊँ मिळून तिने ४३६ माणसं मारली होती. या वेळी हातात .५०० ची जड दुनळी होती, पण काडतुसं फक्त तीन! ती संपली तरी वाघीण उभीच. शेवटी धावत जाऊन तहसीलदारांची जुनी बंदूक आणावी लागली.

वाघीण मेल्यावर तिचं तोंड पाहिलं, तर उजव्या बाजूचे वरचे-खालचे सुळे तुटलेले. कुणाची तरी जुनी गोळी लागली होती, पण जीव घेण्याच्या जागी नाही. नेहमीची शिकार जमेना, म्हणून ती माणसांकडे वळली. म्हणजे एका चुकलेल्या नेमाची किंमत कुमाऊँच्या बायाबापड्यांनी मोजली.

या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी त्यांना रिग्बी कंपनीची .२७५ रायफल भेट दिली. करा बरं गुणाकार! जेमतेम सात मिलिमीटर. मोठ्या जनावरासाठी हे कॅलिबर लहानच म्हणायचं. पण डोंगरात दिवसभर पायी हिंडायचं, तेही बहुधा एकट्याने, तर हातात हलकंच हत्यार हवं. वाघ अंगावर येण्याचा संभव असला की ते .४५०/४०० ची जड दुनळीही घेत. तिची दुसरी गोळी तत्काळ सुटते. लहान कॅलिबर त्यांना पुरलं ते जनावर ओळखून, जवळून, नेमक्या जागी मारता येत होतं म्हणून. नवख्याने त्यांचं अनुकरण केलं असतं तर आणखी एक जखमी वाघ जंगलात फिरला असता, असं मला वाटतं.

एप्रिल १९३० मध्ये चौगढच्या वाघिणीशी गाठ पडली तेव्हा त्यांच्या डाव्या हातात पक्ष्याची दोन अंडी होती. खडकाला वळसा घालताच वाघीण समोर, अवघ्या आठ फुटांवर! जरा जोरात हाललं तरी ती झेप घेणार. त्यांनी उजव्या हाताने .२७५ हळूहळू फिरवली, खांद्याला न लावताच चाप ओढला. जड दुनळी असती तर एका हाताने अशी फिरवता आली असती का, तुम्हीच सांगा. अंडी मात्र शाबूत राहिली. त्यांनी ती परत घरट्यात नेऊन ठेवली.

पुढे पुढे त्यांनी रायफलपेक्षा कॅमेरा जास्त वापरला. १९४७ मध्ये ते केनियाला गेले आणि १९ एप्रिल १९५५ रोजी तिथेच वारले. ती रायफल आता पुन्हा रिग्बी कंपनीकडेच आहे. २०१६ मध्ये ती भारतात आणली होती, तेव्हा कॉर्बेट यांनी वसवलेल्या छोटी हल्द्वानीच्या लोकांनी ती जवळून पाहिली.