गिटार वाजवता येत नव्हती, पण लिओ फेंडरने जगाला स्ट्रॅटोकास्टर दिली

मोर्शी तालुक्यातल्या हिवरखेडच्या माणसाला संत्र्याच्या बागेचं अप्रूप नाही. पण इलेक्ट्रिक गिटारच्या दुनियेतलं सगळ्यात मोठं नावसुद्धा अशाच एका संत्र्याच्या बागेतून आलंय, हे तिथेही फारसं कुणाला माहिती नसेल.

लिओ फेंडरचा जन्म १० ऑगस्ट १९०९ चा. आईवडिलांची कॅलिफोर्नियात संत्र्याची बाग होती. आठव्या वर्षी आजारपणात त्याचा एक डोळा गेला. शिकला अकाउंटिंग, पण मंदीत नोकरी गेली. मग १९३८ साली ६०० डॉलर उसने घेऊन त्याने फुलर्टनमध्ये रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं.

तिथे वादक आपले बिघडलेले अ‍ॅम्प्लिफायर घेऊन यायचे. लिओ त्यांच्या तक्रारी ऐकायचा आणि त्यावरच कामाला लागायचा. त्यातूनच पुढे टेलिकास्टर आली आणि १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर.

ऑर्केस्ट्रात अशी गिटार दिसली तर नीट बघा. तारांखाली तीन पट्ट्या असतात, त्यांना पिकअप म्हणतात. आत चुंबक आणि त्याभोवती बारीक तारेचं वेटोळं. गिटारची तार हलली की त्यात वीज तयार होते. खालच्या टोकाच्या पिकअपचा आवाज धारदार, तर मानेजवळच्याचा गोल, भरीव.

तिन्ही पिकअपची एकेक वायर स्विचवर येते, तिथून व्हॉल्यूमच्या बटणाकडे आणि पुढे बाहेर. दांडी जिकडे, तो पिकअप चालू. लिओच्या स्विचला जागा तीनच होत्या, म्हणजे एका वेळी एकच पिकअप.

पण वादकांनी दांडी दोन जागांच्या मधोमध अडकवून बघितली. दोन पिकअप एकदम सुरू झाले आणि एक पोकळ, खणखणीत आवाज निघाला. लिओच्या आराखड्यात हा आवाज नव्हताच ! पण लोकांना तोच आवडला.

१९६५ मध्ये लिओची तब्येत इतकी ढासळली, की आपण फार दिवस जगणार नाही असं त्याला वाटायला लागलं. त्याने कंपनी १ कोटी ३० लाख डॉलरला सीबीएसला विकून टाकली. पुढे डॉक्टर बदलला आणि गडी ठणठणीत बरा झाला. कंपनी मात्र हातची गेली होती. १९७७ मध्ये त्या कंपनीने पाच जागांचा स्विच बसवला. वादकांचा जुगाड अधिकृत झाला, तेव्हा लिओ तिथे नव्हता.

त्याने नव्या कंपन्या काढल्या, नव्या गिटारी बनवल्या. २१ मार्च १९९१ ला तो गेला, तोवर त्याचं काम सुरूच होतं. गिटार वाजवायला मात्र तो शेवटपर्यंत शिकला नाही.

आणि हो, घरी स्विचचं वायरिंग करताना मधल्या जागांवरच आवाज अगदी पातळ येत असेल, तर स्विचला दोष देण्याआधी एखाद्या पिकअपच्या दोन वायरी उलट तर लागल्या नाहीत ना, ते बघा.