वसईचा गोन्सालो गार्सिया : बाप पोर्तुगीज, आई इथली

पालघर : तारापूर, केळवे, डहाणूचे किल्ले येता-जाता आपल्याला दिसतात. या पट्ट्यावर एकेकाळी पोर्तुगीजांचा अंमल होता आणि त्यांचं मुख्य ठाणं आपल्याच जिल्ह्यातली वसई. तिथे 1557 च्या सुमारास गोन्सालो गार्सियाचा जन्म झाला. बाप पोर्तुगीज, आई इथलीच. अशा मुलांना पोर्तुगीज मेस्तिसो म्हणत. धर्म आणि भाषा राज्यकर्त्यांची, पण गोऱ्यांच्या पंगतीत पान शेवटी!

वसईत जेझुइट फादरांकडे शिकलेला हा पोरगा 1572 मध्ये त्यांच्याबरोबर जपानला गेला. तेव्हा त्याचं वय पंधराच्या आसपास. जपानी भाषा त्याने चांगलीच आत्मसात केली आणि आठेक वर्षं लोकांना धर्म शिकवण्याचं काम केलं. त्याला जेझुइट संघात जायचं होतं. ते काही झालं नाही. त्या काळी इथल्या रक्ताच्या माणसाला संघात घ्यायचं म्हटलं की हात आखडता व्हायचा. मग गोन्सालोने व्यापार धरला, पैसाही बक्कळ कमावला. पण मन रमेना. अखेर मनिलात स्पॅनिश फ्रान्सिस्कन संघाने त्याला घेतलं, तेही ब्रदर म्हणून, फादर म्हणून नाही.

1593 मध्ये मनिलाहून फ्रान्सिस्कन फादर वकील म्हणून जपानचा सत्ताधीश हिदेयोशीकडे गेले. त्यांचा दुभाषी होता हाच वसईकर. 1596 मध्ये एक स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागलं. फादरांच्या मागोमाग स्पेनचं सैन्य येणार, असा संशय बळावला आणि धरपकड झाली. कैद्यांचे कान कापले, ऐन थंडीत त्यांना नागासाकीपर्यंत नेलं. 5 फेब्रुवारी 1597 रोजी 26 जणांना क्रूसावर मारलं. त्यात 20 जपानी. उरलेल्या सहांत चार स्पेनचे, एक मेक्सिकोत जन्मलेला आणि एक वसईचा.

खरी गंमत पुढे आहे. 1745 मध्ये दूर ब्राझीलच्या रेसिफे शहरात पार्दो लोकांनी, म्हणजे गोऱ्या-काळ्यांच्या मिश्र वंशातल्या लोकांनी, गोन्सालोचा मोठा सण केला. हा आपल्या रंगाचा, असं त्यांचं म्हणणं. सावळा माणूस कुठे संत असतो का, म्हणून गोऱ्यांनी नाकं मुरडली. तेव्हा एका फ्रान्सिस्कन फादरांनी गोन्सालोची आई कोण, वसई कुठे, हे प्रवचनातून पटवून दिलं. आईचं रक्त, जे जन्मभर आडवं आलं, तेच तिथे मोलाचं ठरलं.

रोमने 1862 मध्ये त्याला संत केलं. तोवर पोर्तुगीजांना वसईतून जाऊन 123 वर्षं झाली होती. आज वसईतल्या कॉलेजला त्याचं नाव आहे.