रॉबर्ट हूक आणि गाडीची स्प्रिंग

रॉबर्ट हूक कोण असं वर्गात विचारलं की मुलं चटकन सांगतात, पेशी शोधणारा. अकरावीत तो पुन्हा भेटतो, हूकचा नियम म्हणून. दोन्ही वेळा एका ओळीपुरता. हे मला नेहमी खटकतं, कारण ज्या नियमावर तुमची-आमची गाडी उभी आहे, तो नियम या माणसाने मोठ्या खटपटीने मिळवला होता.

18 जुलै 1635 रोजी इंग्लंडच्या दक्षिणेला, आइल ऑफ वाइट बेटावरच्या फ्रेशवॉटर गावात त्याचा जन्म झाला. वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक होते. पोरगं सतत आजारी, डोकं दुखतंय म्हणून अभ्यासही अर्धवट. पण हात थांबत नसत. पितळी घड्याळ उघडलेलं पाहिलं आणि पठ्ठ्याने लाकडाचं तसंच चालणारं घड्याळ बनवलं! (वही अपुरी असलेल्या एखाद्या मुलाकडे बघताना हे आठवायला हरकत नाही.) 1648 मध्ये वडील गेले. तेरा वर्षांचा रॉबर्ट लंडनला आला, काही दिवस एका चित्रकाराकडे राहिला, मग वेस्टमिन्स्टर शाळेत गेला. पुढे ऑक्सफर्डला रॉबर्ट बॉईल यांचा मदतनीस झाला. बॉईल यांचे हवेवरचे प्रयोग ज्या पंपावर झाले, तो पंप हूकने तयार केला होता.

1662 मध्ये रॉयल सोसायटीने त्याला प्रयोग करून दाखवायच्या कामावर नेमलं. दर बैठकीला नवे प्रयोग हवेत, ही अट. आपल्याला वर्षातून एकदा विज्ञान प्रदर्शन भरवताना घाम फुटतो, याला तर जवळपास दर आठवड्याला भरवायचं होतं. 1665 मध्ये त्याचं सूक्ष्मदर्शकाचं पुस्तक आलं, त्यातच बुचाच्या कापामधल्या त्या प्रसिद्ध पेशी. 1666 च्या आगीत लंडन जळालं, तेव्हा नव्या रस्त्यांची आणि घरांच्या जागांची मोजणी करणाऱ्यांतही हूक होता.

आता मुद्द्याची गोष्ट. त्या काळी लंडनच्या दगडी रस्त्यांवर बग्गीत बसणं म्हणजे हाडं खिळखिळी करून घेणं. 1 मे 1665 रोजी हूक आणि सोसायटीचे काही सभासद कर्नल ब्लंट नावाच्या गृहस्थांकडे गेले. बग्गीचा प्रवास सुखाचा कसा करता येईल याचे प्रयोग तिथे चालले होते. रोजनिशीसाठी प्रसिद्ध असलेले सॅम्युअल पेपीसही सोबत होते, म्हणून ही हकिकत आपल्याला कळते. सगळे आळीपाळीने बसून बघत होते. ज्या बग्गीचा सगळा सांगाडा एकाच लांब स्प्रिंगवर टेकवला होता, ती पेपीस यांना फार आरामशीर वाटली. ही गोष्ट मोटारगाडी येण्याच्या सव्वादोनशे वर्षं आधीची!

स्प्रिंग हूकच्या डोक्यातून जात नव्हती. खिशातल्या घड्याळात ती बसवण्यावरून हॉलंडच्या हायगेन्स यांच्याशी त्याचा कडाक्याचा वाद झाला. कल्पना आधी कोणाची, यावर. म्हणून 1676 मध्ये त्याने आपला नियम छापला तो 14 अक्षरांची उलटापालट करून, म्हणजे हक्क आपला राहील आणि कोणाला कळणारही नाही. उत्तर दिलं 1678 च्या पुस्तकात: जितकी ताण, तितका जोर. आपल्याला हे 18 वर्षांपूर्वीच सापडलं होतं, असंही त्याने तिथे लिहिलं. वीस, तीस, चाळीस फुटांच्या तारा खिळ्याला टांगून, खाली पारडं बांधून, वजनं वाढवत त्याने मोजमापं केली होती. वजन दुप्पट, तर लांबी वाढते तीही दुप्पट. फार ताणलं तर हा नियम मोडतो, हे मात्र मुलांना सांगायला विसरू नका.

हाच नियम तुमच्या गाडीला लावून बघा. आपल्याकडे स्पीड ब्रेकरला गाडी खालून घासायला लागली की गॅरेजवाला म्हणतो, स्प्रिंगला पॅड टाकून घेऊ. पॅड म्हणजे रबराची चकती. कंपनीकडूनही एक पातळ रबर येतं, धातूवर धातू घासून आवाज येऊ नये म्हणून. उंची वाढवायची तर स्प्रिंगच्या टोकाशी जाड चकती घालतात. समजा एका स्प्रिंगवर 300 किलो भार आहे आणि ती 30 किलोला 1 सेंमी दबते. म्हणजे ती 10 सेंमी दबून उभी आहे. टोकाशी 1 सेंमीचं पॅड घातलं, तरी भार तोच, म्हणून स्प्रिंग 10 सेंमीच दबणार. गाडी तेवढी 1 सेंमी उचलली गेली. (स्प्रिंग चाकापासून आत, दांड्यावर बसलेली असेल तर थोडी जास्तच.) स्प्रिंगचा कडकपणा बदललाच नाही. फरक पडतो तो शॉक ॲब्सॉर्बरला. तो आधीच जास्त ताणलेला राहतो, त्यामुळे चाक खड्ड्यात उतरलं की लवकर टोकाला जाऊन धडकतो. चाकांचे कोनही बदलतात, म्हणून अलाइनमेंट तपासावी लागते.

दुसरा प्रकार वेगळा. यात रबर स्प्रिंगच्या दोन वेटोळ्यांच्या मध्ये अडकवतात. ते वेटोळं जवळजवळ कामातून गेलं. सहापैकी पाचच वेटोळी काम करतात असं धरा, तर कडकपणा 30 चा 36 होतो. स्प्रिंग आता साधारण 8.3 सेंमीच दबते, गाडी 1.7 सेंमी वर. बरं वाटलं ना? पण रस्त्यावरच्या उंचवट्याने चाक 3 सेंमी वर ढकललं, की आधी गाडीला 90 किलोचा जादा जोर बसायचा, आता 108 चा बसतो. मागे आजी बसली असेल तर तीच पहिली बोलेल. रबर थोडं दबतं, म्हणून खरे आकडे थोडे कमी-जास्त येतील, पण दिशा हीच. गाडी कायम भरलेली असेल तर हे पॅड चालून जातं. एकट्याने ऑफिसला नेणाऱ्याने, माझ्या मते, त्याच्या नादी लागू नये.

हूकचं उतारवय मात्र कडू गेलं. गुरुत्वाकर्षणाच्या नियमाचं थोडं श्रेय आपल्याला मिळावं असं त्याला वाटत होतं. न्यूटन यांना ते मान्य नव्हतं. भांडखोर म्हणून त्याची ख्याती झाली, त्यात त्याचाही वाटा होताच. प्रकृती ढासळली, दृष्टी गेली, राहणी कंजूष माणसासारखी. 3 मार्च 1703 रोजी तो वारला, तेव्हा खोलीतल्या लोखंडी पेटीत हजारो पौंड निघाले. त्याच वर्षी न्यूटन रॉयल सोसायटीचे अध्यक्ष झाले. हूकचं खात्रीचं असं एकही चित्र आज उरलेलं नाही. वर्गात लावायच्या तक्त्यावर त्याचा चेहरा दिसला, तर तो चित्रकाराने कल्पनेने काढलेला आहे, एवढं मुलांना सांगा.