तक्त्यांचे जनक : एडगर कॉड

शाळेच्या कार्यालयात जी.आर. नंबर सांगितला की तुमची फी संगणकावर दिसते. रिंग रोडवरच्या कापड दुकानात पार्टीचे नाव टाकले की बाकी दिसते. यामागे ज्यांचा विचार आहे त्या एडगर कॉड यांची ओळख आम्ही करून देत आहोत.

जन्म १९ ऑगस्ट १९२३, इंग्लंडमधील पोर्टलंड बेटावर. दुसऱ्या महायुद्धात ते वैमानिक होते. ऑक्सफर्डला गणित शिकून पुढे अमेरिकेत आयबीएम कंपनीत प्रोग्रामर झाले.

त्या काळी संगणकातील माहिती झाडाच्या फांद्यांसारखी जोडलेली असे. नोंद कोणत्या वाटेने सापडेल हे प्रोग्रामरला ठाऊक असावे लागे. मांडणी बदलली की प्रोग्राम अडलाच! १९७० मध्ये कॉड यांनी निबंध लिहून साधे तक्ते सुचवले. विद्यार्थ्यांचा एक तक्ता, फीचा दुसरा, दोहोंत समान जी.आर. नंबर. काय हवे तेवढे सांगायचे, वाट संगणक शोधील. पाया गणितातील संचांचा. हो, वर्गात कंटाळवाणे वाटणारे तेच संच!

पण आयबीएमचा धंदा जुन्या पद्धतीवर उत्तम चालला होता, त्यामुळे घरातूनच थंड प्रतिसाद मिळाला. कॉड मागे हटले नाहीत. तिथल्याच दोघांनी पुढे एसक्यूएल भाषा घडवली, तरी १९७९ मध्ये ती बाजारात आधी आणली ओरॅकलवाल्यांनी. संगणकशास्त्र घेणाऱ्यांना ही भाषा आजही शिकावी लागते.

१९८१ मध्ये कॉड यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. तक्त्यांच्या नावाने विक्रेते काहीही खपवू लागले, तेव्हा १९८५ मध्ये त्यांनी आपले बारा नियम छापून त्यांना जाब विचारला. १८ एप्रिल २००३ रोजी फ्लोरिडात त्यांचे निधन झाले.