यहूदाचा पुत्र

वाचकहो, बाळाला शास्त्रातील नाव देणारे आपल्यात पुष्कळ. त्या नावाच्या भाषेतच त्याला वाढवणारा पिता विरळा. रशियन साम्राज्यात १८५८ साली जन्मलेले एलिएजर पर्लमन १८८१ मध्ये यरुशलेमेस आले. पित्याच्या नावावरून त्यांनी ‘बेन-यहूदा’, म्हणजे यहूदाचा पुत्र, हे नाव धारण केले. १८८२ साली जन्मलेल्या पुत्राचे नाव बेन-सियोन ठेवले. त्याच्या कानी केवळ इब्री भाषाच पडावी, हा घरचा कडक नियम. बाहुलीलाही शब्द नव्हता; तो पित्याने घडवला. खेळगडी नाहीत, बोलणेही उशिरा आले. माता दबोरेने एकदा रशियन अंगाई गायिली, तेव्हा पिता संतापले. बिचारी माता! १८९१ मध्ये ती निवर्तली. एलिएजर १९२२ मध्ये. थोर झाल्यावर पुत्राने स्वतःच नाव बदलले: इथामार बेन-अवी. इथामार हा अहरोनाचा पुत्र. आणि बेन-अवी म्हणजे माझ्या पित्याचा पुत्र.