चष्मे विकणाऱ्या कवीने घराघरातले अडकित्ते गोळा केले आणि पुण्याला केळकर संग्रहालय मिळालं

नाशिक जिल्ह्यात वणीच्या गडावर गेलात, तर सप्तशृंगी देवीच्या पूजेत पानाचा विडा दिसतोच. गड कागदोपत्री कळवण तालुक्यातला, पण लोकांच्या तोंडी तो वणीचाच. देवीच्या मुखात विडा देण्याची इथे पद्धत आहे. विडा म्हटलं की सुपारी आली आणि सुपारी आली की अडकित्ता.

आता घरात शेवटचा अडकित्ता कधी पाहिला ते आठवून बघा. आजीच्या पानाच्या डब्यात असेल. ती गेल्यावर तो डबा कुठे गेला, हे बऱ्याच घरांत कुणालाच सांगता येत नाही. जुनं पितळ वजनावर घेणारा दारात आला की अशा वस्तू आधी जातात. हंडा गेला तर कुणीतरी हळहळतं, अडकित्त्याची आठवणही निघत नाही.

नेमक्या अशाच वस्तूंच्या मागे एका माणसाने आयुष्य घातलं. त्यांचं नाव दिनकर गंगाधर केळकर. पुण्यातलं ‘राजा दिनकर केळकर संग्रहालय’ उभं करणारे ते हेच.

नाव वाचून अनेकांना वाटतं की हे कुणीतरी राजेसाहेब असावेत. तसं काही नाही. केळकर पुण्यातले मध्यमवर्गीय गृहस्थ, व्यवसाय चष्म्याचा. राजा हे त्यांच्या मुलाचं नाव होतं, पण ते पुढे येईलच.

आधी कवी, मग संग्राहक

१० जानेवारी १८९६ हा केळकरांचा जन्मदिवस. तरुणपणी त्यांची ओळख होती ती कवी म्हणून. ‘अज्ञातवासी’ या नावाने ते कविता लिहायचे. रविकिरण मंडळामुळे पुण्यात कवितेला बहर आला होता, तो हाच काळ. इतिहासाचीही त्यांना ओढ होती.

साधारण १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. पेशवाई जाऊन शंभर वर्षं झाली होती. पुण्यातल्या सरदार घराण्यांचे वाडे उभे होते, पण आतली मिळकत आटत चालली होती. माळ्यावर, कोठारात, देवघराच्या कोपऱ्यात दिवे, दौती, कुलुपं, गंजिफा, वाद्यं पडून होती. घरच्यांच्या लेखी ती अडगळ होती.

आपल्याकडे तेव्हा संग्रह करणं हे राजेरजवाड्यांचं काम समजलं जाई. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी चित्रं आणि शिल्पं जमवून मोठं संग्रहालय उभारलं, पण त्यांच्या हाती संस्थान होतं. केळकरांकडे दुकान होतं. त्यामुळे हिरे-माणकं किंवा गाजलेल्या तलवारी त्यांच्या आवाक्यातल्या नव्हत्याच. कदाचित त्यामुळेच त्यांची नजर स्वयंपाकघराकडे, पानाच्या तबकाकडे, अंग घासायच्या वज्रीकडे गेली. हे आपल्या फायद्याचंच झालं असं म्हणायला हवं. तलवारी सांभाळणारे पुष्कळ होते, वज्री सांभाळणारं कुणी नव्हतं.

अडकित्ता म्हणजे नेमकं काय?

हा शब्द मराठीत कन्नडमधून आला. कन्नडमध्ये अडके म्हणजे सुपारी आणि कत्ती म्हणजे सुरी. म्हणजे अडकित्ता ही नावानेच सुपारीची सुरी आहे. हिंदीत तिला सरोता म्हणतात, गुजरातीत सूडी. पार जावा-बालीपर्यंत पान खाणाऱ्या प्रत्येक मुलखाने स्वतःची सुपारी कातरायची हत्यारं घडवली.

रचना बघायला सोपी आहे. दोन दांडे एका टोकाला खिळ्याने जोडलेले असतात. वरच्या दांड्याला पातं, खालचा दांडा सुपारीला आधार देणारा. कात्रीचा खिळा मध्ये असतो, अडकित्त्याचा टोकाला. सुपारी खिळ्याजवळ ठेवायची आणि दांडे लांबच्या टोकाला दाबायचे. तरफेच्या नियमाने हाताचा जोर कित्येक पटींनी वाढतो आणि दगडासारखी सुपारी कातरली जाते.

खरी गंमत घडणीत आहे. अंग बहुतेकदा पितळेचं, पातं मात्र लोखंडाचं किंवा पोलादाचं, कारण पितळेला धार टिकत नाही. पितळेला हवा तो आकार देता येतो, म्हणून कारागिरांनी दांड्यांचे घोडे केले, मोर केले, पोपट केले. स्त्री-पुरुषाची जोडी केली, जी अडकित्ता मिटला की जवळ येते आणि उघडला की दूर जाते. काहींना घुंगरू लावले, म्हणजे सुपारी कातरताना आवाज व्हावा. काहींना चुन्याची डबी किंवा टोकदार सळई जोडली. स्वित्झर्लंडच्या कार्ल एल्सनर यांनी आपल्या अनेक पात्यांच्या खिशातल्या चाकूची अधिकृत नोंदणी केली ती १८९७ मध्ये. एका खिळ्याभोवती अनेक कामं गुंफायची कल्पना आपल्या पानदानात आधीच रुळलेली होती.

एक वस्तू असून भागत नाही

समजा, तुमच्याकडे घोड्याच्या आकाराचा एक अडकित्ता आहे. तो कुठला, कसा ओळखणार? एकट्या वस्तूवरून जवळजवळ काहीच सांगता येत नाही. त्यावर कारागिराचं नाव नसतं, साल नसतं. पण तसे दोनशे अडकित्ते शेजारी मांडले तर नमुने दिसू लागतात. घोड्याची मान कशी वळवली आहे, खिळ्याची टोपी फुलासारखी आहे की साधी, पातं पितळेत कसं बसवलं आहे, दांड्यांची टोकं गाठीची आहेत की पक्ष्याच्या चोचीची.

वापराच्या खुणाही अशाच कळतात. रोज चाललेला अडकित्ता खिळ्यापाशी थोडा सैल होतो. पातं पुन्हा पुन्हा धार लावून अरुंद झालेलं असतं. दांडे जिथे बोटं टेकतात तिथे नक्षी झिजते. शोभेसाठी केलेल्या नव्या नगात पातं खालच्या दांड्याला नीट भिडतही नाही.

हे सगळं कळायला आधी कुणीतरी ढीगभर अडकित्ते एकत्र ठेवायला हवेत, तेही लोक ते मोडीत घालत असताना. केळकरांनी नेमकं ते केलं. एक चांगला नमुना मिळाला म्हणून ते थांबले नाहीत. दिवे घेतले तर दिव्यांचे प्रकारच्या प्रकार, कुलुपं घेतली तर कुलुपांचे, अडकित्त्यांचंही तेच. पुण्याबाहेर, महाराष्ट्राबाहेर हिंडून त्यांनी वस्तू आणल्या. या खटाटोपात पत्नी कमलाबाई बरोबरीने होत्या. घर वस्तूंनी भरत जात असताना संसार चालवणं हे काम लहान नव्हतं, आणि त्याची दखल मात्र कमी घेतली जाते.

राजा

केळकरांना एकच मुलगा होता, राजा. तो सात वर्षांचा असताना गेला.

त्यानंतर संग्रहाला त्याचं नाव मिळालं. संग्रहालयाच्या नावात मुलगा आधी येतो आणि वडील नंतर, त्याचं कारण हे आहे. या दुःखावर केळकरांनी काय उपाय शोधला याचे तर्क करण्यात अर्थ नाही. दिसतं एवढंच की ते थांबले नाहीत. १९६० पर्यंत संग्रह सुमारे १५,००० वस्तूंवर गेला होता.

एवढा संग्रह विकला असता तर मोठी रक्कम उभी राहिली असती. परदेशात अशा वस्तूंना गिऱ्हाईक होतं. अमेरिकेतले गणितज्ञ सॅम्युएल आयलेनबर्ग यांनी तर आशियातल्या अडकित्त्यांचा असा संग्रह केला, की त्यावर स्वतंत्र पुस्तक निघालं. केळकरांनी मात्र आपला संग्रह महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. घराण्याची मालमत्ता म्हणून तो वाटला गेला असता, तर घोडे एकीकडे आणि मोर दुसरीकडे गेले असते. मग ओळखण्यासाठी लागणारी ती शेजारी-शेजारीची मांडणीच उरली नसती.

कोथरूडमधल्या मस्तानी महालाचे अवशेषही त्यांनी वाचवले. बाजीरावाने मस्तानीसाठी बांधलेल्या त्या वास्तूचे लाकडी भाग संग्रहालयात आणून पुन्हा उभे केले आहेत. बरेच पर्यटक तेवढ्यासाठीच येतात.

१७ एप्रिल १९९० रोजी केळकरांचं निधन झालं, वयाच्या ९४ व्या वर्षी. आज बाजीराव रोडजवळच्या या संग्रहालयात २०,००० हून जास्त वस्तू आहेत. जागेअभावी त्यातल्या अडीच हजारांच्या आसपासच मांडता येतात, बाकीच्या बंद कपाटांत आहेत. अडकित्त्यांच्या दालनात गेलात तर आकारांवर भाळण्याआधी खिळा आणि पातं बघा.