निर्व्यसनी दारुडा

हिंदी चित्रपटांत दारुड्याच्या भूमिका पुष्कळ नटांनी केल्या. पण त्यातला अस्सल मानकरी कोण, असे विचारले तर जुन्या प्रेक्षकांच्या तोंडी एकच नाव येते. जॉनी वॉकर! हे नाव एका विलायती व्हिस्कीचे, आणि ते धारण करणाऱ्या माणसाने जन्मात कधी दारू घेतली नाही. हा नट मूळचा इंदूरचा. माझे आजोळही इंदूरचे असल्यामुळे त्याच्याविषयी मला थोडी अधिक आपुलकी वाटते, हे आधीच सांगून टाकतो.

जॉनी वॉकर यांचे खरे नाव बदरुद्दीन जमालुद्दीन काझी. त्यांचा जन्म १९२६ सालचा. त्या काळचे इंदूर म्हणजे होळकरांची राजधानी आणि त्याचबरोबर कापडगिरण्यांचे गाव. बदरुद्दीनचे वडील अशाच एका गिरणीत कामाला होते. गिरणी बंद पडली आणि मोठा खटला पाठीशी असलेल्या या कुटुंबाला मुंबईची वाट धरावी लागली. गिरणी बंद पडते तेव्हा नुसते भोंगे थांबत नाहीत, घरेच्या घरे उखडली जातात. पुढे १९९१ साली इंदूरची हुकुमचंद मिल बंद पडली, तेव्हा तिथल्या कामगारांना आपल्या हक्काच्या पैशांसाठी २०२३ सालापर्यंत वाट पाहावी लागली, हे लक्षात घेतले म्हणजे काझी कुटुंबाची ओढाताण समजू शकते.

शिक्षण अर्धवट राहिलेल्या या मुलाने मुंबईत नाना उद्योग केले आणि अखेर तो ‘बेस्ट’च्या बसवर कंडक्टर म्हणून लागला. खांद्याला चामडी पिशवी, हातात तिकिटे आणि जिभेवर सतत काहीतरी गमतीदार! थांब्यांची नावे पुकारतानाही तो नकला करी, उतारूंना हसवी. मला वाटते, त्याची खरी नाट्यशाळा हीच. हमाल, फेरीवाले, कारकून, भुरटे चोर, सारी मुंबई त्या बसमध्ये चढत होती आणि उतरत होती. पुढे पडद्यावर त्याने जी माणसे उभी केली, ती याच गर्दीतली होती.

नट बलराज साहनी यांनी हे गुण हेरले. ते त्या वेळी ‘बाजी’ची पटकथा लिहीत होते आणि दिग्दर्शक होते गुरुदत्त. साहनींनी त्याला एक युक्ती सुचविली. त्याप्रमाणे हा तरुण झिंगल्याचे सोंग घेऊन गुरुदत्तांपुढे जाऊन उभा राहिला आणि त्याने असा काही गोंधळ घातला की, त्याला बाहेर काढण्याचीच वेळ आली. मग सोंग उतरवून तो शुद्धीवर आला. गुरुदत्त खूश झाले आणि ‘बाजी’त (१९५१) त्याला काम मिळाले. जॉनी वॉकर हे नावही गुरुदत्तांनीच दिलेले.

आपल्या कन्नड विभागाच्या वाचकांनाही येथे अभिमान वाटावा. गुरुदत्त पदुकोण जन्मले बंगळूरला आणि त्यांचे छायालेखक व्ही. के. मूर्ती म्हैसूरचे. कर्नाटकात जन्मलेल्या या दोघांनी इंदूरच्या कंडक्टरला पडद्यावर अमर केले. पुढे बंगळूरच्याच बसवरचा एक मराठी कंडक्टर, शिवाजीराव गायकवाड, रजनीकांत नावाने दक्षिणेत गाजला. कंडक्टरच्या पिशवीत नुसती चिल्लर नसते, हेच खरे!

‘आरपार’, ‘मिस्टर अँड मिसेस ५५’, ‘सी.आय.डी.’ अशी चित्रांची रांग लागली. ‘प्यासा’तला (१९५७) तेलाची बाटली घेऊन हिंडणारा मालिशवाला कोण विसरेल? त्या उदास चित्रात तोच काय तो मोकळा वारा. विनोदी नटाच्या वाट्याला स्वतंत्र गाणे येणे हा मानही त्यांना मिळाला. मोहम्मद रफी त्यांच्यासाठी गाताना आवाजात असा काही खट्याळपणा आणीत की, रेडिओवर गाणे लागले तरी डोळ्यांपुढे जॉनी वॉकरच उभे राहत. त्यांच्या भराच्या काळातच, १९५७ साली, विविधभारती सुरू झाली आणि जिथे चित्रपटगृह नव्हते तिथेही ते जाऊन पोहोचले. ‘मधुमती’साठी सहायक अभिनेत्याचे आणि ‘शिकार’साठी विनोदी अभिनेत्याचे फिल्मफेअर पारितोषिक त्यांना मिळाले.

१९६४ साली गुरुदत्त गेले. हळूहळू विनोदाची जातही बदलली. द्व्यर्थी संवादांना टाळ्या पडू लागल्या. सुमारे तीनशे चित्रपटांत आपल्या एकाही वाक्याला सेन्सॉरची कात्री लागली नाही, याचा जॉनी वॉकर यांना अभिमान होता. तो गमावण्यापेक्षा त्यांनी कामे कमी करणे पसंत केले. पोटासाठी बसवर उभा राहिलेला माणूस मिळणारे काम नाकारतो, तेव्हा त्या नकाराची किंमत फार मोठी असते. स्वतःचे शिक्षण हुकल्याची खंत त्यांनी मुलांना परदेशी शिकायला पाठवून भरून काढली.

त्यांची मला सर्वांत आवडती भूमिका म्हणजे ‘आनंद’मधील (१९७१) ईसाभाई सुरतवाला. अनोळखी आनंद त्याला जुना मित्र म्हणून हाक मारतो आणि तोही क्षणात ती ओळख खरी करून टाकतो. पण आनंदच्या मृत्यूची चाहूल लागताच हाच ईसाभाई रडू लागतो आणि वर्षानुवर्षे हसवणाऱ्या त्या चेहऱ्याकडे पाहून थिएटर गलबलून जाते.

मोठ्या खंडानंतर १९९७ साली ‘चाची ४२०’मध्ये ते पुन्हा दिसले, तेही मद्यपी रंगभूषाकार म्हणून. २९ जुलै २००३ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. शेवटपर्यंत त्यांनी न प्यालेल्या दारूची झिंग वठवली. अनुभव स्वतःच घ्यावा लागतो असे नाही. दुसऱ्या माणसाकडे मन लावून पाहावे लागते. कलेचा हा धडा देणारा माणूस अधिक शिकलेला नव्हता. त्याने तो बसमध्ये उभ्याउभ्याच गिरवला होता.